परत आलेली टोपली

रोम, संत ल्यूकच्या सणानंतरचा गुरुवार

बास्तियानो, बाळा,

आशीर्वाद लिहिते आहे; घ्यायचा की नाही ते तुझं तू बघ. इतक्या वर्षांत तू मला कागदाचा कपटा पाठवला नाहीस, आणि आता पाठवलास तो असा: "आई अंथरुणाला खिळली आहे. सिल्विओला विचारते. तिच्या वेळी तरी मखमल पाठवू नका." ताई कशी आहेस नाही, मी सियेनाला चाललो आहे नाही, काही नाही. तू सियेनाला गेलास हे मला चिठ्ठी आणणाऱ्या खेचरवाल्याने सांगितलं. नोर्चाचे सगळे पुरुष हिवाळाभर सुऱ्या घेऊन परगावी डुकरं कापायला जातात हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. बाबाही जायचे. पण आई अशी असताना या वर्षी तू थांबला असतास तर बरं झालं असतं. हे रागाने म्हणत नाही. थांबलास तर घरात खायचं काय, हेही मला कळतं.

चिठ्ठी मी सिल्विओला वाचून दाखवली, मखमलीसकट. बाबा गेल्यावर महिन्याने झालेल्या प्रार्थनेला तो का आला नाही हे तुला मी तेव्हाही सांगितलं होतं. तो बोलोन्याचा कारभार पाहत होता, शहरात धान्यावरून दंगल पेटली होती आणि पोपचा हुकूम होता की वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणून त्याने शवपेटीच्या रिकाम्या चौथऱ्यावर घालायला काळी मखमल पाठवली. तू भर चर्चमध्ये म्हणालास, "मखमल आली, मुलगा नाही आला." वाक्य चांगलं होतं. इतकं चांगलं की अख्ख्या नोर्चाने ते पाठ केलं आणि इथे रोममध्ये एका पाद्र्याने ते सिल्विओच्या तोंडावर म्हणून दाखवलं.

असो. मी भांडायला बसले नाही. सांगायचं एवढंच की संत मार्टिनचा सण झाला की आम्ही निघतो. सिल्विओने तसं कबूल केलं आहे. मीही येते आहे. काकाने त्याला गाढवावर बसवून पेरुजाला शिकायला नेलं तेव्हा आई त्या गाढवामागून वेशीपर्यंत चालत गेली होती, तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतास. तेव्हापासून तो वकील झाला, बिशप झाला, कार्डिनल झाला, आणि आईला भेटला तो फक्त येता-जाता, पाहुण्यासारखा. आता त्याला निवांत यायचं आहे. तुझ्या मेनिकाला निरोप धाड, म्हणावं आईला सांग, तो येतोय.

तुझी ताई,
फाउस्तिना


रोम, मृतात्म्यांच्या दिवसानंतरचा सोमवार

बास्तियानो,

पोप गेले. तुला सियेनात कळलंच असेल. थंडी वाजून ताप आला आणि चार दिवसांत खेळ आटोपला. त्यांच्या आत्म्याला शांती मिळो, पण दोन महिने थांबले असते तर त्यांचं काय बिघडलं असतं, असं माझ्या मनात आलं आणि मी लगेच क्रूसाची खूण केली.

आता नोर्चाला निघणं कसलं. काल सगळ्या कार्डिनलांना राजवाड्यात नेऊन दारं बाहेरून विटांनी बुजवली. नवा पोप निवडेपर्यंत एकालाही बाहेर पडता येत नाही. प्रत्येकाला लाकडी फळ्यांची, वरून कापड लावलेली कोठडी. सिल्विओची हिरव्या कापडाची आहे आणि संडासाला लागून आहे, असं आमचा कारभारी लातान्झिओ सांगत होता. तो सांगताना इतका दुःखी झाला की जणू त्यालाच तिथे राहायचं आहे.

तू रोमला कधी राहिला नाहीस, म्हणून इथली एक रीत सांगते, म्हणजे माझी काय गत आहे ते कळेल. एखादा कार्डिनल पोप झाला की रोमचे लोक त्याचं घर लुटतात. रागाने नाही, आनंदाने. पोपला राजवाडा मिळाला, आता त्याला जुनं घर कशाला, म्हणून पलंगापासून पातेल्यापर्यंत सगळं उचलून नेतात, आणि नेताना त्याच्या नावाचा जयजयकार करतात. शिपाईही अडवत नाहीत. शिपायांनाही घरी पातेली लागतातच.

आणि बाजारात सिल्विओचं नाव घेतलं जातंय, बास्तियानो. स्पॅनिशांनाही चालतो, फ्रेंचांनाही चालतो. कारण काय, तर त्याच्या मागे ना मोठं घराणं आहे, ना पुतण्यांची फौज. डुकराच्या मांड्या खारवणाऱ्याचा मुलगा. जे आजवर नडलं तेच आता उपयोगी पडतंय.

समोरच्या भटारखान्याची चेन्चा आज सकाळी पाव द्यायला आली आणि जिन्यातच रेंगाळली.

"बाई, तो वरच्या खोलीतला अक्रोडाचा पलंग आहे ना, त्याच्या पायांना कीड नाही ना लागलेली?"

"तुला काय करायचंय?"

"तसं नाही हो, आधी विचारून ठेवलेलं बरं. आमच्या ह्यांची पाठ धरते. तुमच्या महाराजांना काय, राजवाड्यात पलंगच पलंग."

"आणि नाही झाले पोप, तर?"

"नाही झाले तर तुमचा पलंग तुम्हाला लखलाभ. मी काय चोर आहे का?"

लातान्झिओ म्हणत होता, चांदीची भांडी आणि पडदे गुपचूप मठात हलवू. सिल्विओने जाताना सक्त मनाई केली. "घर रिकामं केलं तर लोक म्हणतील याला आत्ताच स्वतःच्या डोक्यावर तो मुकुट दिसायला लागला. असं दिसलं की तो कुणालाच मिळत नाही." हे तो ज्या घाईने बोलला त्यावरून मला कळलं की त्याला तो हवा आहे. बाहेरून म्हणत होता, देवाची इच्छा. मी कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये रोज मेणबत्ती लावते आणि मीही म्हणते, देवाची इच्छा. फक्त ती आणि माझी एकच असू दे, एवढं हळूच जोडते. एकदा पोप झाला की तो या शहरातून हलायचा नाही. तुला समजलं ना मी काय म्हणते? पोप आईला भेटायला खेचरावर बसून डोंगरात जात नाही. मग आई काय, मखमलीचीच धनी.

रोज दुपारी आपल्या माणसाचं जेवण राजवाड्यावर घेऊन जायचं असतं. मोठी झाकणाची टोपली, दांड्याला अडकवून दोन नोकर वाहतात, पुढे लातान्झिओ काठी घेऊन. भिंतीत एक फिरतं कपाट आहे, त्यातून आत सरकवायचं. त्याआधी बिशप लोक तपासतात. कोंबडीच्या पोटात हात घालतात, पाव मोडून बघतात, आत कुणाची चिठ्ठी तर नाही ना. सिल्विओने जाताना दारातून मागे वळून सांगितलं, "ताई, जेवण तू स्वतः बघ. तिथलं माझ्या पोटाला सोसत नाही." म्हणून मी स्वतः करते. आपल्याकडची मसूर, आईसारखी, लसूण आणि तेलावर. बिशपांना मसुरीत काय सापडणार.

मेनिकाकडून काही कळलं का? आई खाते का?

ताई


रोम, संत सेसिलियाच्या सणाचा दुसरा दिवस

बास्त्या,

हे पत्र मी जिन्याच्या पायरीवर बसून लिहिते आहे, कारण पायरी उचलून नेता येत नाही. बाकी सगळं नेलं.

काल दुपारी टोपली नेहमीसारखी गेली. थोड्या वेळाने लातान्झिओ पांढराफटक होऊन परत आला. टोपली जशीच्या तशी, भरलेली. फिरत्या कपाटामागून आतला माणूस एवढंच म्हणाला होता, "कार्डिनल महाराज आज जेवण घेणार नाहीत." का, ते नाही. मला वाटलं आजारी पडला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण नोकर ती भरली टोपली घेऊन सबंध बाजारातून आले होते ना. पुलावर कुणीतरी झाकण उचलून पाहिलं आणि ओरडला, "अरे, भरलेली परत आली. पोपच्या स्वयंपाकघरातून जेवतोय आता तो." झालं. निवडलेला पोप घरचं जेवण घेत नाही, हे रोमच्या पोरासोरांना ठाऊक आहे. लातान्झिओ दारात पोहोचायच्या आत त्याच्या मागे अख्खा बाजार होता.

तुला वाटेल मी दारं लावून घेतली असतील. मी काहीच केलं नाही. मलाही खरंच वाटलं रे. मी जिन्यावर बसले आणि रडायला लागले. तो पोप झाला म्हणून रडले. आता तो कधीच घरी येत नाही म्हणून. लोकांना वाटलं आनंदाश्रू. एक बाई माझ्या पायाशी बसून माझ्या हाताचे मुके घेऊ लागली, "पोपची बहीण, पोपची बहीण," आणि दुसऱ्या हाताने तिने माझ्या मांडीवरची उशी ओढून घेतली. एक म्हातारा काखेत आमचा पडदा धरून गुडघ्यावर बसला आणि मला म्हणाला, "आशीर्वाद द्या." मी म्हटलं, मी कसला देणार, मी बाई माणूस. तो म्हणाला, "रक्त तेच आहे."

चेन्चा आली ती नवऱ्याला आणि दिराला घेऊन. पलंग जिन्यातून उतरवताना मला ओलांडावं लागलं, तर म्हणते, "बाई, जरा पाय घ्या. रागावू नका हां. दुसऱ्या कुणाच्या हाती लागण्यापेक्षा ओळखीत राहिलेला बरा."

लातान्झिओ दिवाणखान्याच्या दारात हात पसरून उभा होता. त्याला कुणी मारलं नाही, ढकललं नाही. दोघांनी उचलून अलगद बाजूला ठेवला आणि मग आत गेले. तेव्हापासून तो कोणाशी बोलत नाही. नोकरीला लागल्यापासून त्याच्याशी इतक्या प्रेमाने कोणी वागलं नव्हतं, असं मी त्याला म्हटलं, तर त्यावरही हसला नाही.

मग गर्दी पोपचा जयजयकार करत राजवाड्याकडे गेली. सिल्विओचं नाव घेऊन. इथून मला ऐकू येत होतं. दिवस मावळायच्या आत पहाऱ्याचा सरदार घोड्यावरून येऊन चौकात ओरडून गेला, की अजून कोणीही पोप झालेला नाही, आणि जो कोणी खोटी बातमी पसरवेल त्याला चाबकाचे फटके. चौकात जे होते ते एकमेकांकडे बघायला लागले. चेन्चाचा नवरा आमच्या पलंगाच्या एका बाजूला हात लावून तसाच उभा. "मग हा आता कुणाचा?" त्याने विचारलं. लुटायची रीत आहे, पण अशा चुकीची रीत नाही.

आज सकाळी दोघं-तिघं येऊन खुर्च्या ठेवून गेले. मोडक्या तेवढ्या परत आल्या. पडदे आणि चांदी मात्र लाजली असावी, ती आली नाही.

पोप झाला नाही, बास्त्या. पण होणार नाही असं कुठे आहे? आत मतांच्या चिठ्ठ्या चालूच आहेत. तो जेवला का नाही, तेही कळत नाही. माझी अवस्था विचारू नकोस. रिकाम्या घरात नुसती फिरते आहे. आज टोपली पाठवली, ती रिकामी परत आली. तेवढाच आधार.

फाउस्तिना


रोम, संत अँड्र्यूच्या सणाची आदली दुपार

बास्तियानो,

जेनोआचे म्हातारे कार्डिनल पोप झाले. सिल्विओ घरी आला. माझा जीव भांड्यात पडला. भांडं मात्र शेजारणीचं मागून आणलेलं आहे.

तो भाड्याच्या खेचरावर बसून आला, कारण बग्गी लुटीत गेली होती आणि हे त्याला वाटेत कोणी सांगितलं नव्हतं. दिवाणखान्यात शिरला आणि उभाच राहिला. भिंतींवर पडद्यांच्या जागा तेवढ्या गडद राहिल्या आहेत. म्हणाला, "ताई." त्याचा आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. मग म्हणाला, "बसायला काही आहे का?"

खुर्च्या मोडक्या, पण धुण्याचं लाकडी घंगाळ होतं. ते उपडं करून आम्ही दोघं त्यावर बसलो. लाल झग्यातला कार्डिनल घंगाळावर. आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, झगा वर घे, ओला होईल.

त्याचा चेहरा पाहून मी माझा आनंद दातांखाली धरून बसले होते. मग तो आपणहून बोलला.

"मला ते हवं होतं, ताई. खोटं कशाला बोलू. एका संध्याकाळी बरेच कार्डिनल माझ्या कोठडीत आले. म्हणाले, उद्या दुपारच्या चिठ्ठ्यांत तुमचं काम होतंय. मी रात्रभर नाव शोधत होतो, पोप झाल्यावर कोणतं घ्यायचं ते."

"मग?"

"मग दुपारी तुझी टोपली आली. झाकण उघडलं आणि मसुरीचा वास आला. आणि मला वाटलं, हे शेवटचं. उद्यापासून कोण जाणे कुठले आचारी, पाच जण आधी चाखणार, मग मला. ताईच्या हातचं हे शेवटचं. घास उचलेना, ताई. गळा असा दाटून आला की म्हटलं, हे आता कोणी बघायला नको. घेऊन जा म्हटलं परत."

"पुढे?" मी विचारलं.

"थोड्या वेळाने खाली आरडाओरडा. माझ्या नावाचा. खिडक्यांना विटा लावल्या होत्या, तरी ऐकू येत होता. चिठ्ठ्या अजून टाकायच्या होत्या. म्हातारे भडकले. म्हणाले, याच्या घरच्यांनी पैसे वाटून रस्त्यावर जयजयकार करायला लावलाय, आम्हाला घाबरवायला. जे आदल्या संध्याकाळी माझ्या गुडघ्याचं चुंबन घेत होते तेच उठून जेनोआच्या म्हाताऱ्याकडे गेले. बरोबर तेवढेच, जेवढे मला हवे होते. मला लातान्झिओचा इतका राग आला होता की येताना ठरवलं होतं, त्याला कामावरून काढायचं. लोकांना कुणी सांगितलं हे? कुणी?"

"टोपलीने," मी म्हटलं. "तू परत पाठवलेल्या."

त्याला कळायला वेळ लागला. हुशार माणसांना अशा गोष्टी उशिरा कळतात. आधी त्याचं तोंड उघडं राहिलं. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मला वाटलं रडतोय. खांदे हलत होते. पण तो हसत होता, बास्त्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे मसुरीने घात केला," म्हणाला. मी म्हटलं, "मसुरीने नाही, गळ्याने." मग मला माझा आनंद काही लपवता आला नाही. मी सरळ सांगितलं की मी रोज मेणबत्त्या लावत होते, तू पोप होऊ नयेस म्हणून. म्हटलं, आता रागाव. तो म्हणाला, "किती लावल्यास?" मी म्हटलं, मोजल्या नाहीत. "तरीच," म्हणाला.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. पहिल्या पत्रात मी लिहिलं की त्याने यायचं कबूल केलं होतं. तो फक्त "बघू" म्हणाला होता. कबूल मीच केलं होतं, त्याच्या वतीने. पण आता तो स्वतः म्हणाला, आणि कसं म्हणाला ते ऐक.

काल नोर्चाचा खेचरवाला आला. ती खोटी बातमी तिथपर्यंत पोहोचली होती रे. गावाने घंटा वाजवल्या, होळ्या पेटवल्या, वेशीवर पोपच्या चाव्यांसह सिल्विओचं चिन्ह रंगवायला घेतलं. मेनिका धावत आईला सांगायला गेली. आईने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "मग आता तो येत नाही." तेव्हापासून खात नाही. चमचा लावला की ओठ मिटते. गावाला वाटतंय, आनंदाने हरपली.

सिल्विओ हे ऐकून उभा राहिला. एवढा संधिवात, पण घंगाळावरून कुणाच्या आधाराशिवाय उठला. "ताई, बांधाबांध कर," म्हणाला, आणि मग भोवती बघून म्हणाला, "कशाची करणार म्हणा." लगेच नव्या पोपकडे रजा मागायला गेला. तासाभरात परत. पोप म्हणाले, जा, जा, आईपेक्षा मोठं कोण, लेंटचे उपास लागेपर्यंत सावकाश राहा, घाई नको. ज्याने आपल्याला जवळजवळ हरवलं तो डोंगरात गेलेला कुणाला नको असतो. सिल्विओला ते कळतं, पण त्याला वाईट वाटलं नाही. मला म्हणाला, "हे घर भरलेलं असतं तर आठवडा आवराआवरीत गेला असता."

उद्या पहाटे निघतो. मी वाटभर एकच मागणार आहे, आई तोवर टिको. तू मेनिकाकडे वेगळा माणूस पाठव, जो आमच्या आधी पोहोचेल. आईला सांगायला सांग, पोप दुसराच झाला. ती मानायची नाही, पण सांगायला सांग.

ताई


नोर्चा, संत लुचियाचा सण

माझ्या बास्त्या,

तुझी चिठ्ठी आम्हाला स्पोलेतोच्या धर्मशाळेत मिळाली. "दादाला सांग, वरच्या घाटात बर्फ आहे, रोमची खेचरं तिथे टिकत नाहीत, स्पोलेतोला बदला. उजव्या हाताचा रस्ता घ्या." बस्स, एवढंच. सिल्विओने ती वाचली, परत वाचली, आणि मग माझ्याकडे न देता स्वतःच्या बाहीत ठेवली. तू त्याला दादा लिहिलंस हे त्याने बोलून दाखवलं नाही. खेचरं मात्र लगेच बदलली आणि उजव्या हाताचा रस्ता धरला, आणि वाटेत जो भेटेल त्याला सांगत होता, "माझा भाऊ इथला आहे, त्याला घाट माहीत आहे."

आई आहे. आधी हे लिहायला हवं होतं, मागेपुढे झालं. आई आहे, बास्त्या. हाडं उरली आहेत, डोळ्यांना धुरकट दिसतं, पण आहे.

तुझा माणूस आमच्या आधी पोहोचला होता, पण मी म्हटलं तसंच झालं, तिने मानलं नाही. "मला बरं वाटावं म्हणून सांगतात," असं मेनिकाला म्हणाली. आम्ही वर गेलो तेव्हा ती भिंतीकडेच तोंड करून होती. सिल्विओ खाटेशी गुडघ्यावर बसला. त्या गुडघ्यांचं काय झालं असेल ते त्याचं त्याला माहीत.

"आई, मी सिल्विओ."

"सिल्विओ पोप झाला," आई भिंतीला म्हणाली. "घंटा वाजवल्या त्याच्या."

"चुकून वाजवल्या, आई."

"घंटा कुठे चुकून वाजतात का?"

"रोममधल्या लोकांची चूक झाली. दुसराच झाला पोप. खरंच. मी हरलो, आई."

ती वळली. हळूहळू, मेनिकाने पाठीला हात दिला तेव्हा. त्याचा चेहरा हातांनी चाचपला, नाक, कान, टाळूवरचे उरलेसुरले केस. कानापाशी हात थांबला. तिथे त्याला लहानपणी बाबांच्या मांस टांगायच्या आकडीची खूण राहिली आहे ना, तिथे. आणि मग तिने एवढा मोठा श्वास सोडला की मेनिका घाबरून पुढे झाली. मला वाटलं, गेली. पण तिने तो श्वास किती दिवस धरून ठेवला होता कुणास ठाऊक. "हरलास ना," म्हणाली. "बरं झालं." त्या संध्याकाळी तिने दूध घेतलं आणि काल पेज. वैद्य म्हणतो, हिवाळा काढेल असं वाटतंय. तू उपासांआधीच्या कार्निव्हलला घरी येईपर्यंत ती असेल, आणि सिल्विओही असेल, लेंटपर्यंत त्याला रजा आहे. मी त्याला विचारलं, बास्तियानो आला की काय बोलणार. तो म्हणाला, "तोच आधी बोलेल. तो छान बोलतो." त्यात टोमणा नव्हता.

आता आजची गंमत सांगते आणि संपवते, कारण मेनिका दिवा मागते आहे.

सकाळी गावचे प्रमुख आले, चर्चचे वडीलधारे आले, आणखी पाच-सहा जण. सगळे काळ्या झग्यांत, सुतकी चेहरे करून. त्यांचंही खरंच होतं. गावातला माणूस पोप झाला असता तर नवा रस्ता झाला असता, कर माफ झाले असते. वेशीवर रंगवलेल्या चाव्यांवर आता चुना फासावा लागला. ते आईच्या खोलीत रांगेने उभे राहिले आणि गावप्रमुख सिल्विओपुढे वाकून बोलू लागले, "महाराज, आमच्या दुःखाला पार नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला. सगळं नोर्चा आपल्याबरोबर रडतंय."

आईने मान उचलली. "मेनिका, कोण गेलं ग?"

"कोणी नाही गेलं, सासूबाई."

"मग ही माणसं अशी का उभी आहेत?"

"मोठ्या भावोजींना पोप नाही ना केलं, म्हणून भेटायला आलेत."

आईने डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला नुसत्या काळ्या सावल्या दिसत असणार. मग ती स्पष्ट म्हणाली, "माझा मुलगा घरी आलाय. हसता येत नसेल तर बाहेर जा."

आधी सिल्विओ हसला. मग मेनिका, मग मी. शेवटी गावप्रमुखांनाही हसू आवरेना, आणि चर्चचे म्हातारे तर भिंतीला टेकून हसले. मग ते जायला निघाले. अशा वेळी कार्डिनलाने उठून पाहुण्यांना दारापर्यंत पोहोचवायचं असतं. इतक्या वर्षांत सिल्विओने ते एकदाही चुकवलेलं मी पाहिलं नाही. आज तो उठला नाही. आईने त्याची बाही मुठीत धरली होती.

तुझी ताई,
फाउस्तिना